घरची घोडी

सुरतेच्या पांडेसऱ्यातली कापड रंगवायची डाइंग मिल बंद पडली तेव्हा सुकलालला तिथे सव्वीस वर्षं झाली होती. मालकाने मशिनं विकून टाकली, कामगारांना त्यांचे पैसे चुकते केले आणि गेटला कुलूप लावलं. सुकलाल आणखी दोन मिलमध्ये जाऊन आला. दोन्हीकडच्या मुकादमांनी त्याला वय विचारलं, चहा पाजला आणि परत पाठवलं.

मग त्याच्या डोक्यात घोडी घ्यायचं आलं. त्याचे वडील गावाकडे, बेटावदच्या आसपास, घोडीवर मीठ-मसाल्याची पोती लादून बाजार करायचे. दात बघून वय ओळखणं, अंगावरचे भोवरे वाचणं, खुरावर हात फिरवून दुखणं शोधणं, हे सगळं सुकलाल दहा वर्षांचा होण्याआधीच शिकला होता. भेस्तान, पांडेसरा, डिंडोली या भागात आपल्याकडची हजारो घरं, आणि लग्नसराईत वरातीला घोडी मिळता मिळत नाही. घोडी असली की सीझनभर काम मिळेल, कुणासमोर वय सांगायला नको, असा त्याचा विचार.

"मिलमधून आलेला सगळा पैसा त्यात जाईल," छाया म्हणाली. एवढंच म्हणाली. नवऱ्याला इतक्या महिन्यांनी काहीतरी करावंसं वाटतंय हे तिला दिसत होतं.

जाहिरात शोधली सोनालीने. त्यांची ही मुलगी कापड बाजारातल्या एका दुकानात फोनसमोर उभी राहून साड्या दाखवायचं काम करायची, त्यामुळे असले व्हिडिओ कुठे सापडतात ते तिला माहीत. एका संध्याकाळी तिने फोन वडिलांच्या हातात दिला. पांढरीशुभ्र घोडी, गुलाबी नाकाची. तिच्यापासून चार हातांवर फटाक्यांची माळ तडतडत होती आणि ती शांतपणे गूळ खात होती. खाली लिहिलं होतं : डीजे, फटाके, गर्दी, कशालाच घाबरत नाही. लहान मूलसुद्धा बसेल. शेजारी पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा उभा होता आणि तो अहिराणीत बोलत होता. "घोडी मनी घरनी शे. आंडेरनं लगीन करानं शे, म्हनीसन इकी ऱ्हायनू."

घरची घोडी, आणि पोरीच्या लग्नासाठी विकतोय. सुकलालने तो व्हिडिओ तीन वेळा पाहिला. घोडी त्याने पहिल्याच वेळी पाहून घेतली होती. नंतरच्या दोन वेळा तो त्या म्हाताऱ्याचं बोलणं ऐकत होता.

घोडी चलथाणच्या पुढे एका तबेल्यात बांधलेली होती. तबेला धर्मेंद्रभाईचा. हा नंदुरबारकडचाच, पण सुरतेत वाढल्यामुळे बोलण्यात गुजराती मिसळायचा. "मी फक्त मध्ये आहे, काका," तो म्हणाला. "घोडी या भटूबाबांची. तुम्ही बे जण बोलून घ्या."

सुकलालने घोडी तासभर तपासली. दात सात वर्षांचे होते. भोवरे चांगले होते, अशुभ एकही नाही. चारही पाय गार, खूर घट्ट. धर्मेंद्रभाईने त्याच्यासमोर फटाक्यांची माळ लावली, तर घोडीने शेपटी हलवली फक्त. व्हिडिओतले ते म्हातारे, भटूबाबा, सारखं एकच म्हणत होते, "दखी ल्या भाऊ. नीट दखी ल्या." विकणारा माणूस नीट पाहून घ्या म्हणतो म्हणजे तो सरळ असला पाहिजे, असं सुकलालला वाटलं. त्याने तिथल्या तिथे सौदा केला.

एका ओळखीच्या माणसाने भेस्तानमध्ये मोकळ्या प्लॉटवर पत्र्याची शेड बांधायला जागा दिली होती. पहिले दोन दिवस घोडी मान खाली घालून उभी राहिली. प्रवासाने दमली असेल, असं सुकलाल म्हणाला. तिसऱ्या दिवशी खरारा करताना त्याने तिच्या कानात बोट घातलं आणि आत काहीतरी टणक लागलं. हळूहळू ओढलं तर मेणात भिजवलेला कापसाचा बोळा बाहेर आला. दुसऱ्या कानातही तसाच. ते दोन बोळे हातात घेऊन तो उभा होता तेव्हा पलीकडच्या घरात कुकरची शिट्टी झाली. घोडी सगळ्या अंगाने थरथरली, मागे सरकली आणि दावं तोडायला पाहू लागली.

त्याने त्याच दिवशी धर्मेंद्रभाईला फोन केला. फोन उचलला गेला नाही. व्हिडिओतला नंबर बंद होता.

मग दोन महिने सुकलालने घोडीला आवाजाची सवय लावायचा प्रयत्न केला. लांबून थाळी वाजवायची, रोज एक पाऊल जवळ यायचं. थाळी छाया वाजवायची. तो घोडीच्या मानेला मिठी मारून तिच्याशी बोलत राहायचा. घोडीला घाम फुटायचा, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा, पण दावणीला ती उभी राहू लागली. तिचा स्वभाव वाईट नव्हता. कुठल्यातरी वरातीत तिला काहीतरी झालं होतं आणि ते तिच्या अंगातून जात नव्हतं. हे त्याला कळत होतं आणि त्यावर आपल्याजवळ इलाज नाही हेही कळत होतं.

लग्नसराई लागली. शेजारच्या सोसायटीतल्या योगेंद्रची वरात होती. ओळखीतलं घर, पोरगा चांगला, नोकरीत नुकता कायम झालेला. त्याच्या आईने येऊन सांगितलं, "सुकलालभाऊ, घोडी तुमचीच पाहिजे." सुकलालने नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हटलं.

वरातीच्या दिवशी दुपारी त्याने कापूस घेतला, मेण वितळवलं आणि स्वतःच्या हाताने घोडीच्या कानात बोळे बसवले. सोनाली शेडच्या दाराशी उभी होती. तिने पाहिलं.

"पप्पा," ती म्हणाली.

"आजचा दिवस निघू दे," तो म्हणाला. "मग बघू."

सोनालीने घोडीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाली, "आमच्याकडे पॉलिस्टरला सिल्क म्हणूनच विकतात. मीच म्हणते रोज." ती त्याची समजूत घालत होती की स्वतःची, ते त्याला कळलं नाही.

वरात निघाली. ढोल वाजले, फटाके वाजले, घोडी चालत राहिली. सुकलालने लगाम हाताला दोन वेढे देऊन धरला होता. वळणावर डीजेची गाडी उभी होती. तिचा आवाज कानातून येतच नाही, तो जमिनीतून पायात चढतो, हे सुकलालच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. घोडी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. योगेंद्र कमरेवर पडला, दुभाजकाच्या कडेवर. लगाम सोडला नाही म्हणून सुकलाल दहा-बारा हात फरफटत गेला.

त्याच्या हाताची कातडी सोलली गेली. योगेंद्रच्या खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवली आणि सांगितलं की चालेल, पण लंगडेल. सुकलाल दवाखान्यात गेला तर योगेंद्रची आई खाटेजवळ बसली होती. तिने बाकावर सरकून त्याला बसायला जागा दिली. ते त्याला सहन झालं नाही. थोड्या वेळाने तो उठून बाहेर आला.

आठ दिवसांनी तो चलथाणला गेला. या वेळी धर्मेंद्रभाई तिथेच होता. त्याने खुर्ची दिली, चहा मागवला, हाताची पट्टी पाहून हळहळला.

"घोडी परत घ्या," सुकलाल म्हणाला.

"परत कशी घेऊ, काका? जनावर आहे. तुमच्याकडे गेल्यावर बिघडलं असेल."

"कानात कापूस होता."

"मी घातला? मी तर मध्ये होतो. घोडी भटूबाबांची." त्याने चहाचा घोट घेतला. "पण तुमची अडचण मला समजते. भटूबाबांचीही हीच अडचण होती. त्यांनीही ही घोडी इथूनच घेतली होती. त्यांच्या जावयाचे दात पडले तिच्यामुळे. मीच गिऱ्हाईक आणून त्यांची सुटका केली."

सुकलालला आधी नीट समजलं नाही. मग समजलं.

"म्हणजे त्यांच्या पोरीचं लग्न..."

"पोरीचं लग्न कधीच झालेलं," धर्मेंद्रभाई म्हणाला. "व्हिडिओत काहीतरी तर सांगावं लागतं ना. तुमचं बोलणं छान आहे, काका. गावाकडचं. लोकांचा विश्वास बसतो."

भटूबाबांनी नीट बघा म्हणून इतक्या वेळा का सांगितलं ते आता सुकलालच्या ध्यानात आलं. तेवढंच त्यांच्या अंगात बळ होतं.

घरी आल्यावर त्याने छायाला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. "मग?" तिने विचारलं. प्लॉटचा मालक शेड काढा म्हणून दोनदा येऊन गेला होता. सोसायटीतले लोक शेडवरून जाताना पलीकडच्या बाजूने जायचे. घोडीला चारा रोज लागत होता. दुसरा कुठला रस्ता असता तर त्याने छायाला सांगितलाच असता.

चार दिवसांनी घोडी परत नेऊन तो धर्मेंद्रभाईच्या तबेल्यात फोनसमोर उभा राहिला. त्याला नवी पांढरी टोपी दिली होती. तीन वेळा तो पहिल्याच शब्दाला अडखळला. चौथ्या वेळी त्याने म्हटलं, "घोडी मनी घरनी शे," आणि पुढचंही सगळं म्हटलं.

गिऱ्हाईक शहाद्याहून आलं. वाल्मिक नावाचा माणूस, तिशी-पस्तिशीचा, सोबत बायको. आधी रिक्षा चालवायचा, ती विकून आला होता. त्याने सुकलालच्या पाया पडून विचारलं, "बाबा, बेटावदकडचे का तुम्ही? बोलण्यावरून वाटलंच." त्यालाही घोड्यांतलं कळत होतं. त्याने दात पाहिले, खूर पाहिले. फटाके लागले, घोडी गूळ खात राहिली.

वाल्मिक नळावर हात धुवायला गेला तेव्हा सुकलाल त्याच्या मागे गेला.

"भाऊ, हाई घोडी नका ल्या," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तिना कानमा कापूस शे. जाईसन दखा."

वाल्मिकच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तो सरळ घोडीजवळ गेला, तिचा कान धरून बोट आत घातलं, मग दुसरा कान पाहिला. दोन्ही मोकळे होते. धर्मेंद्रभाई लांबून पाहत होता, त्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. वाल्मिक परत नळाशी आला.

"काही नाही तिथे, बाबा."

सुकलाल घोडीच्या डोळ्यांकडे पाहत होता. पापण्या जड होत्या, खालचा ओठ लोंबत होता. "मग गुंगीची सुई टोचली असेल," तो म्हणाला. "तिला आवाज चालत नाही. मी नेलेल्या वरातीत एका पोराचं हाड मोडलं."

"आधी कापूस म्हणालात, आता सुई म्हणता." वाल्मिक पुन्हा हसला, या वेळी मायेने. त्याने बायकोकडे वळून सांगितलं, "दख, बाबाना जीव अडकेल शे तिनामा. इकाले मन होत नही." त्याच्या बायकोने सुकलालला नमस्कार केला. "आम्ही तिला पोरीसारखी ठेवू," ती म्हणाली.

सुकलालने आणखी काही म्हणायला हवं होतं. पट्टी बांधलेला हात दाखवायला हवा होता, योगेंद्रचा पत्ता द्यायला हवा होता. तो तिथेच नळाजवळ उभा राहिला. त्यांच्या मागे घोडी टेम्पोत चढली, एकदाही न अडता.

बाराव्या दिवशी सकाळी वाल्मिकचा फोन आला. सुकलालला वाटलं, आता शिव्या येतील, आणि त्यासाठी तो तयार होता.

"बाबा," वाल्मिक म्हणाला. "तुम्हीन सांगेल व्हतं. मीच आयकं नही. आते मी काय करू?"

सुकलालने काहीतरी चांगलं सुचतंय का ते पाहिलं. थाळीचं सांगावं असं वाटलं, रोज एक पाऊल जवळ यायचं, पण ते करून काय झालं ते त्याला माहीत होतं. छाया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती.

"धर्मेंद्रभाईंना फोन लावा," तो म्हणाला. "ते करतात काहीतरी."