टेबलावरची टकटक

लोर्नाला मी कितीदा सांगितलं असेल, "बाई, वर्गातली मास्तरीण घरी नेत जाऊ नकोस." पण जित्याची खोड ती! नवऱ्यानं सोडल्याचं तिची मुलगी पेज रडत रडत सांगत होती, तर हिनं मधेच तिचं क्रियापद सुधारलं. पेज त्याच पावली निघून गेली. तेव्हापासून ना फोन, ना नाताळला घरी येणं. लोर्ना खंगत चालली होती. "एकदा येऊ दे, डॉरीन," म्हणायची, "तोंडातून चकार शब्द काढणार नाही."

सॅस्कटूनमधल्या एका चर्चच्या तळघरात आम्ही दोघी नव्यानं आलेल्यांना इंग्रजी शिकवतो. लोर्नाची रीतच अशी, की कोणी चुकलं की टेबलावर बोटांनी टकटक करायची आणि सगळ्या वर्गानं एका सुरात बरोबर वाक्य म्हणायचं. कोणाला राग येत नाही, उलट हसतात.

त्या सकाळी लोर्ना 'ले' आणि 'लाय' या क्रियापदांतला फरक शिकवत होती.

"पुस्तक ठेवतो ते 'ले'. माणूस आडवा होतो ते 'लाय'. पुस्तक कधी आपणहून आडवं होतं का?"

"मग माझ्या नवऱ्याला 'ले'च म्हणा," युक्रेनची हलीना म्हणाली. "त्याला उचलूनच ठेवावं लागतं!"

सगळे हसत असतानाच दार उघडलं. पेज होती. कोटावर बर्फ, डोळे खोल गेलेले.

"भांडायला नाही आले, आई," ती म्हणाली. "एडमंटनहून एकटीच गाडी चालवत आले. खूप दमलेय गं. जरा कुठे आडवी होऊ?" आणि आडवं होण्याला तिनं 'ले' म्हटलं, इथं निम्मं गाव म्हणतं तसं.

टकटक.

लोर्नाचे डोळे भरून आले होते, पण बोटांना कोण सांगणार? बिचाऱ्या वर्गानं नेमानं ते वाक्य सुधारून म्हटलं. हलीनाचा आवाज सगळ्यात मोठा.

पेज कसनुसं हसली. "तेच ते, आई," एवढं बोलून ती जिना चढून गेली. मी मागे धावले, पण गाडी निघाली होती.

परत आले तेव्हा लोर्नाला चांगली फैलावर घेणार होते. ती खुर्चीत बसली होती, एका हातानं दुसरा हात घट्ट धरून.

"केवढी वाळलीये गं," ती म्हणाली. "मी तिला 'बस'सुद्धा म्हटलं नाही."