लॅपटॉपवर जळणारा कीबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना, गाणी वाजवायचा कीबोर्ड आहे आणि स्वभावाने जळकुकडा आहे. माझी हकिकत ऐकताना हे तुमच्या लक्षात येणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. मी ज्याच्यावर जळतो तो आत्ता माझ्यापासून हातभर अंतरावर झाकण मिटून गाढ झोपला आहे. तो म्हणजे गौरीचा लॅपटॉप.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून खोक्यात बसून मी हैदराबादला आलो आणि कोठी भागातल्या एका दुकानात काचेमागे उभा राहिलो. शेजारी हार्मोनियम, बुलबुलतरंग, तबले अशी मंडळी होती. त्यांच्यापुढे मी नाकाने कांदे सोलत असे. कारण त्यांना कुणालाच न येणारी एक कला मला येत होती. माझ्या दोन-चार कळा दाबून धरल्या आणि कोपऱ्यातली एक लाल कळ दाबली, की ते सूर मी आपणहून एकामागून एक खेळवतो. खालून वर, वरून खाली, पुन्हा खालून वर. वाजवणाऱ्याने बोटं नुसती ठेवून बसायचं. जाणकार तिला अर्पेजिएटर म्हणतात. आमच्या घरात तिचं नाव फिरकी.

आमचं घर म्हणजे चिक्कडपल्लीतलं श्रीकांतचं घर. श्रीकांत नोकरी करून सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्यानेच मला विकत आणलं. काय दिवस होते ते! मांडवात श्रीकांतने फिरकी सुरू केली की जेवणाच्या पंगतीतले लोक माना वळवत. ‘क्या बजाते भई, दो हाथां में इत्ते सुरां!’ असं कुणीतरी म्हणायचंच. श्रीकांत नुसता हसायचा. दोन हातांपैकी एक तर रुमालाने घाम पुसत असायचा, हे फक्त मला ठाऊक होतं.

पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला. श्रीकांतने मला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवलं. बेगम बाजारातून वर्षाचं तिखट आलं की त्याचे डबे माझ्या पाठीवर रचले जात. मांडव गाजवणारा मी फळीच्या जागी वापरला जात होतो. रागाने अंगाचा तिळपापड व्हायचा, पण वीज नसताना बोलणार कसा?

मला खाली काढलं ते गौरीने. गौरी श्रीकांतची मुलगी, तेव्हा शाळेत होती. तिने धूळ पुसली, वायर जोडली, चार कळांवर चार बोटं ठेवली आणि लाल कळ दाबली. फिरकी सुरू झाली आणि पोरगी टाळ्या पिटत घरभर नाचली. त्या दिवसापासून गौरी माझी झाली. कॉलेजात जाईपर्यंत संध्याकाळी ती माझ्यापाशी बसायची. बोटं ठेवायची, मी खेळायचो, ती ऐकायची. आमच्या दोघांमध्ये तिसरं कुणी नव्हतं.

मग हा लॅपटॉप आला. अभ्यासासाठी म्हणून आला आणि बघता बघता गौरीच्या मांडीवरच बसला. संध्याकाळी तिची बोटं त्याच्या कळांवर. त्या कळांना ना सूर ना ताल, नुसती टकटक! मी समोर उघडा असून ती माझ्याकडे बघायचीही नाही. मित्रांनो, तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

अशात मालती आत्याचा कार्यक्रम ठरला. आत्या म्हणजे श्रीकांतची मोठी बहीण. जामबागेतल्या एका शाळेत तिने जन्मभर गाणं शिकवलं. निवृत्तीनंतर घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज बंद झाला. दोन वर्षं ती घरातल्या पूजेलाही गुणगुणली नव्हती. आवाज हळूहळू परतला, पण दमसास पूर्वीचा राहिला नाही. मराठी मंडळाने गणेशोत्सवात गायला बोलावलं तेव्हा ती आधी नाहीच म्हणाली. जुन्या विद्यार्थिनींसमोर फजिती झाली तर पुन्हा कधी तोंड उघडायची हिंमत होणार नाही, याची तिला धास्ती होती.

गौरी तिच्या मागेच लागली. “आत्या, टेन्शन नक्को घेऊ. तुझ्या मागे मी सूर भरते. तू फक्त गा.”

भीमपलासातलं एक पद आत्याने निवडलं, चाल तिची स्वतःची. गौरीने माझ्या कळांवर सा, रे, कोमल ग आणि म धरले आणि फिरकी लावली. मी असा रंगात आलो म्हणून सांगू! पण दुसऱ्याच ओळीला आत्याने हात वर केला.

“थांब गं. चढताना रिषभ नक्को. भीमपलासात वर जाताना रिषभ सोडायचा, खाली येताना घ्यायचा.”

गौरीने रिषभावरचं, म्हणजे ‘रे’वरचं, बोट काढलं. आता तो उतरतानाही नाहीसा झाला.

“हौ, पण उतरताना तर पाहिजे ना!” आत्या म्हणाली. “त्याच्याशिवाय भीमपलास कसा?”

गौरीने सगळं करून पाहिलं. पण माझ्या फिरकीचा जायचा आणि यायचा रस्ता एकच. धरलेले सूर मी सगळे खेळवतो, जाताना आणि येतानाही. राग-बिग मला कुणी शिकवला नव्हता. लग्नाच्या मांडवात कुणी विचारलाही नव्हता. आत्याने पाण्याचा घोट घेतला आणि ती म्हणाली, “राहू दे बेटा. मशीनला नाही जमणार.” मशीन! इतक्या वर्षांच्या चाकरीनंतर हे ऐकायचं!

गौरीने लॅपटॉप उघडला आणि एक वायर त्याच्यापासून माझ्यापर्यंत आणली. तिचा बेत असा होता : मी फिरकी खेळवायची, लॅपटॉपने तिच्यातला एकेक सूर टिपून घ्यायचा आणि मग नको तो रिषभ पडद्यावर पुसून टाकायचा. म्हणजे वाजवायचं मी आणि सुधारायचं त्याने!

तिने बोटं ठेवली, मी खेळलो, त्याने टिपलं. गौरीने पडद्यावर पाहिलं तर तिथे चारच लांबलचक पट्ट्या. तिची चार बोटं जितका वेळ कळांवर होती तितक्या लांबीच्या.

“अरे, चारच? बाकीचे सूर कुठं गेले?”

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्याला फक्त बोटं कळली होती. बोटांनंतर माझ्या पोटात जे घडतं त्याचा त्याला पत्ताच नव्हता. घे, पूस आता रिषभ! पण गौरी हार मानणारी नाही. ती माझ्याच यादीतून एकेक पर्याय उघडत गेली आणि फिरकीचे सूर बाहेर पाठवायचे की नाही, हे ठरवणारा पर्याय तिला सापडला. जन्मापासून तो माझ्यात बंद पडून होता. तिने तो चालू केला. पुन्हा फिरकी खेळली आणि या वेळी पडद्यावर छोट्या छोट्या पट्ट्यांच्या पायऱ्या उभ्या राहिल्या. माझी सगळी कला उघड्यावर आली. आजवर मी ती कुणाला आतून दाखवली नव्हती.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. गौरी पडद्याला डोळे लावून बसायची. चढतानाचा रिषभ निवडायची, पुसायची. तिथे खड्डा पडायचा, मग मागचा षड्ज, म्हणजे ‘सा’, ओढून तिथवर लांबवायची. एखादा सूर हळू करायची, एखादा किंचित मागे सरकवायची. प्रत्येक बदल झाला की तोंडाने म्हणून बघायची, “साऽ ग म, ग रे सा.” आत्या शेजारी बसून सांगायची, “हल्लू, बेटा. गंधार जरा हल्लू.” इतक्या वर्षांत गौरीने माझी फिरकी अशी सुरासुराने कधी ऐकली नव्हती. आणि ऐकत होती ती त्याच्या पडद्यासमोर.

आवाज तरी माझा राहिला. लॅपटॉपमध्ये म्हणे शेकडो वाद्यं होती, पण आत्याने त्यातली चार-दोन ऐकून तोंड वाकडं केलं. “जुन्याचाच ठेव. ह्यात जीव नाही.” म्हणून तालमीत लॅपटॉप वायरीतून हुकूम पाठवायचा आणि मी गायचो. माझ्या कळांवर कुणाचं बोट नाही आणि तोंड चालू! सवतीच्या तालावर नाचायची पाळी आली होती. याची कधीतरी चारचौघांत फजिती व्हावी, अशी मी मनोमन इच्छा करत होतो.

कार्यक्रमाचा दिवस आला. मंडळाचं सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगांत आत्याच्या विद्यार्थिनी, कुणाच्या मांडीवर नातवंडं. तबल्यावर दत्तोबा. गौरीने लॅपटॉपला सुरुवात करून दिली आणि माझ्यातून भीमपलास वाहू लागला, रिषभ जिथे नको तिथे नव्हता. आत्या गाऊ लागली. आवाज कापत होता, पण सुरात होता. पहिला अंतरा झाला.

दुसऱ्या अंतऱ्याच्या तोंडाशी आत्याचा श्वास संपला. तिने डोळे मिटले आणि ती थांबली. लॅपटॉप थांबला नाही. त्याला थांबायचं ठाऊकच नाही. तो हुकूम सोडत राहिला, मी वाजत राहिलो, आणि गाणं आत्याला मागे टाकून पुढे निघालं. आत्याने डोळे उघडले. तिचा चेहरा मी पाहिला, मित्रांनो. मला जे हवं होतं तेच घडत होतं आणि मला ते मुळीच नको होतं.

गौरीने एका बोटाने लॅपटॉप बंद केला. सभागृहात फक्त दत्तोबाचा ठेका उरला. तिने मला जवळ ओढलं. सवयीने तिचं बोट माझ्या लाल कळीकडे गेलं. ती कळ दाबली असती तर फिरकी लागली असती आणि चढताना रिषभ ठणकन वाजला असता. बोट वाटेतच वळलं. गौरी हाताने वाजवू लागली. षड्ज लांब, मग गंधार हळू, मग मध्यम. उतरताना रिषभ. आत्या श्वास घेत होती तोवर ती तेवढंच पुन्हा पुन्हा वाजवत राहिली, थांबून, वाट बघून.

“हां,” आत्या हलक्या आवाजात म्हणाली, आणि तिने दुसरा अंतरा उचलला. तो तिने पुरा केला. विद्यार्थिनी उभ्या राहिल्या तेव्हा ती गौरीचा हात धरून रडत होती.

सगळ्यांना वाटलं, जुना कीबोर्ड वेळेला धावला. घरी आल्यावर श्रीकांतने माझ्या पाठीवर थापही मारली. मला ती गोड लागली नाही. कारण इतकी वर्षं मी गौरीला फक्त बोटं ठेवून बसायला शिकवलं होतं. सूर कुठून निघतो, कुठे थांबतो, कुठला सोडायचा, हे तिला त्या पडद्यावर एकेक पट्टी पुसताना आणि आत्याचं ऐकताना कळलं. वाजवायला ती माझ्यापाशी शिकलीच नव्हती. हे मला फार झोंबलं आणि अजूनही झोंबतं.

आता गौरी रोज संध्याकाळी माझ्यापाशी बसते आणि हाताने वाजवते. पुष्कळ चुकते. ती चुकली की मला बरं वाटतं, कारण ती चूक माझ्या कळांवर झालेली असते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कपाटावर, पलंगाखाली माझ्यासारखा कुणी चादरीत पडला असेल. त्याला खाली काढा, पुसा, पण पुसून परत वर ठेवू नका. त्याच्यावर बोटं ठेवा आणि ती हलवा. आणि शेजारी एखादा लॅपटॉप असेल, तर त्याच्यावरचीही धूळ तेवढी पुसत जा. हे सांगताना माझ्या पोटात दुखतं आहे, तरी सांगतो.