आपल्या गल्लीत भोंगा बंद

वरोऱ्यात देवाजीच्या रिक्षाचा भोंगा ऐकला नाही असा माणूस सापडायचा नाही. साड्यांचा सेल, कबड्डीचे सामने, कुणाची हरवलेली बकरी, सगळं त्याच्याच आवाजात गावाला कळायचं. कळायचं नाही ते फक्त त्याच्या स्वतःच्या गल्लीला. कुणाचं बाळ झोपलेलं, कुणाची परीक्षा, कुणाचं डोकं उठलेलं; गल्लीनं इतकी किरकिर केली की कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली भोंगा बंद करूनच आत वळायचं, असा त्यानं नियम करून टाकला. भला माणूस, दुसरं काय करणार.

या उन्हाळ्यात सरकारनं हृदयाच्या झडपांच्या आजारावर अभ्यास काढला. नागपूरचे डॉक्टर, मशीन, फुकट तपासणी, आणि लोकांना समजावं म्हणून देवाजी. डॉक्टरांनी लिहून दिलेला मजकूर त्यानं आपल्या नेहमीच्या चालीत रेकॉर्ड केला आणि पार मोहर्लीपर्यंतची खेडी पालथी घातली. बायाबापड्या लेकरं घेऊन शिबिराला आल्या. साहेबांनी त्याची पाठ थोपटली.

घरी त्याची पोरगी रश्मी, नुकतीच बारावी झालेली, हापशीवरून अर्धी घागर आणताना वाटेत बसायची. अंगात रक्त कमी आहे म्हणून तिची आई सीताबाई तिला बीट खाऊ घालायची. लहानपणी गुडघे सुजायचे, तेव्हा वाढीचं दुखणं म्हणून सोडून दिलं होतं. आता ती उशीला टेकून बसल्या बसल्या झोपायची, तर मोबाइल पाहते म्हणून बापाची बोलणी खायची. देवाजीला मजकूर पाठ होता. पण जन्मभर दवंडी देणाऱ्याचे शब्द तोंडातून जातात, कानात शिरत नाहीत.

शिबिर संपलं, मशीन परत गेलं. पावसाळ्यात रश्मीचा श्वास पुरेना, तेव्हा तिला चंद्रपूरला नेलं. पोरीला आधी काही त्रास होता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. देवाजी सांगू लागला.

"घसा दुखून वारंवार ताप येणे, सांधे सुजणे, चालताना दम लागणे, आडवे झोपता न येणे..."

चाल तीच होती. अर्ध्यावर त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

झडप फार आवळली होती, फुप्फुसात पाणी भरलं होतं. शिबिरात आली असती तर ऑपरेशनला वेळ मिळाला असता, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी रश्मी गेली.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, असं गल्लीत काही जण कुजबुजले. कोण कुजबुजले? ज्यांनी भोंगा बंद करायला लावला तेच. माणसाला लाज कशी वाटत नाही, देव जाणे.

हिवाळ्यात सरकारनं तोच अभ्यास पुढे चालू ठेवला. देवाजी आता हे काम घेणार नाही, असं सगळ्यांना वाटलं. त्यानं घेतलं. पहिल्याच दिवशी कडुनिंबापाशी रिक्षा आली, पण भोंगा बंद झाला नाही. गल्लीभर दारं उघडली. कुणी किरकिर केली नाही. शेजारची केसरबाई नातवाचा गुडघा चाचपत उभी राहिली.

देवाजीनं रिक्षा स्वतःच्या दारासमोर थांबवली. सीताबाई बाहेर आली. ओरडली नाही, रडलीही नाही.

"आता इथी कोनाले सांगून राह्यले जी?" तिनं विचारलं.

भोंग्यातून देवाजीचाच आवाज सांगत होता, तपासणी मोफत आहे, उशीर करू नका.