चित्राबाहेर गेलेली डिम्फ्ना

माझ्या बैठकीच्या खोलीत काळ्या चौकटीतले चित्र मी चालवून घेतले नाही. त्या निर्णयाचा जाब मला कोणी विचारावा, अशी या घराची रीत नाही. काळी कड असते ती मृताच्या आठवणीसाठी छापलेल्या कार्डाला. माझ्या नवऱ्याची तशी कार्डे कपाटात आहेत आणि ती तेथेच बरी.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर मी खुर्चीला खिळले होते. गोठ्यात जाणे बंद झाले होते, आणि गाई विण्याचे दिवस तर ऐन भरात. म्हणून फिंटनने, माझ्या मुलाने, विणाऱ्या गाईंच्या कप्प्यावरचा कॅमेरा एका जुन्या लॅपटॉपला जोडला आणि तो लॅपटॉप टीव्हीला. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा फुटलेला होता. फिंटनच त्याच्यावर बसला होता. टीव्हीवर चित्र आले ते चारही कडा कापलेले. मग त्याने ते लॅपटॉपमधून आक्रसून घेतले. ते जरा अधिकच आक्रसले आणि भोवताली चार बोटे रुंदीची काळी पट्टी उरली.

“आई, सगळा कप्पा दिसतोय ना? मग राहू दे की.”

“दिसतोय. गाय वारल्याचं कार्ड आल्यासारखा दिसतोय.”

“तू आणि तुझी कार्डं!” असे म्हणून तो कामाला निघून गेला.

त्याची पाठ वळताच मी रिमोटची बटणे एकामागून एक दाबली. त्यांतल्या एका बटणाने चित्र फुगून पडदाभर झाले आणि काळी पट्टी नाहीशी झाली. तिच्याबरोबर कप्प्याच्या दोन्ही बाजूही नाहीशा झाल्या असतील, हे माझ्या मनातही आले नाही. पडदा काठोकाठ भरलेला होता.

फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी फिंटन जनावरांच्या बाजाराला गेला होता. लाल पहिलटकरीण गाय सकाळीच व्याली होती, पण वासरू काही केल्या आचळाला लागत नव्हते. जेवणे आटोपल्यावर माझी सून डिम्फ्ना हातात बाटली घेऊन दारात उभी राहिली.

“मिसेस कॉनबॉय, वासराला चीक पाजून येते. तुम्ही बघताय ना?”

लग्नाला कितीतरी वर्षे झाली, तरी ती मला आडनावानेच हाक मारी. मी तिला दुसरे काही सुचवले नव्हते.

“सकाळपासून दुसरं काय करतेय मी? गाईनं मान खाली घातली की लगेच बाहेर ये. शौर्य दाखवायला जाऊ नकोस.”

“रोज तुमच्यासमोर चहा पिते मी. गाईचं काय घेऊन बसलात?”

थोड्याच वेळात ती पडद्यावर दिसली. पेंढ्यावर गुडघे टेकून तिने वासराच्या तोंडात बाटली दिली. वासरू धडपडत डावीकडे सरकले, तशी तीही त्याच्यामागे सरकली आणि चित्राबाहेर गेली. आता येईल, म्हणून मी वाट पाहिली. ती आली नाही. गाईने मात्र मान वळवली, खाली घातली, आणि पुढच्या खुराने पेंढा उकरला.

मग गाय धावली. तिचा पुढचा भाग चित्राबाहेर गेला. मला दिसत राहिले ते तिचे मागचे पाय. ते पेंढ्यात रुतत होते आणि मागून ढकलल्यासारखे पुन्हा पुन्हा ताठत होते. कॅमेऱ्याला आवाज नव्हता. त्या पडद्यावर जे चालले होते ते संपूर्ण शांततेत चालले होते. शेवटी गाय मागे हटली. पेंढ्यावरून चिकाची बाटली एकटीच घरंगळत चित्रात आली.

मी डिम्फ्नाला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. गाईने कान टवकारून डावीकडे पाहिले. म्हणजे फोन तेथेच कुठेतरी वाजत होता, आणि तो कोणी उचलत नव्हते.

घरातल्या जुन्या फोनवरून मी शेजारच्या मॅलकी ड्रूरीला बोलावले आणि मोबाइलवरून फिंटनला.

“मॅलकी, तुझा मोबाइल कानाला लावूनच ये. डिम्फ्ना गाईच्या कप्प्यात पडलीय.”

“आलोच, मिसेस. अंगणाकडच्या दारानं शिरतो.”

“मी सांगेपर्यंत कुठलंही दार उघडायचं नाही.”

अंगणाकडचे दार पत्र्याचे आहे. ते सरकवल्याशिवाय आतले दिसत नाही. आणि ते सरकले की नवी व्यायलेली गाय प्रथम वासराकडे झेपावणार. वासरू कुठे होते? डिम्फ्नाजवळ, की तिच्यापासून दूर? ते मला दिसत नव्हते. पडदा मात्र तसाच काठोकाठ भरलेला होता.

मांडीवर स्पीकर लावून ठेवलेल्या मोबाइलमधून फिंटन ओरडत होता. “आई, डाव्या बाजूला बघ! गव्हाणीचे गज दिसतात ना?”

“गज नाहीत. चित्र तिथवर जातच नाही.”

“जातं! मी स्वतः बसवलंय ते. तू काही दाबलंस का?”

“दाबलं.”

“बरं. रिमोटवर चौकोनाचं बटण आहे. ते दाब.”

मी दाबले. गाय आडवी ताणली गेली, पिंपासारखी. पुन्हा दाबले. चित्र आणखी फुगले आणि पडदाभर फक्त गाईचे डोके उरले, नाकपुड्या फेंदारलेल्या. तिसऱ्यांदा बोट शेजारच्या बटणावर पडले आणि पडदा निळा झाला. गाय नाही, पेंढा नाही, काही नाही.

“मिसेस, मी दाराशी आलोय,” मॅलकी म्हणाला. “आत फुरफुर ऐकू येतेय. उघडू?”

“थांब!”

“ती आत मरत असेल हो!”

“थांब म्हटलं ना! फिंटन, सगळं निळं झालंय.”

“घाबरू नकोस. बाणाचं बटण दाब. यादी येईल. त्यात लॅपटॉप लावलाय ती दुसरी ओळ.”

मी दुसरी ओळ निवडली. पडदा काळा झाला. तो काळाच राहिला, आणि त्या वेळात मी माझ्या आयुष्यात जितके देवाला विनवले नव्हते तितके विनवले. मग गाईचे डोके परत आले.

“आता पुन्हा चौकोनाचं बटण. भोवती काळं येईपर्यंत दाबत राहा. काळं आलं की थांब.”

मी दाबले. चित्र आक्रसले. चारही बाजूंनी काळी पट्टी आत सरकली, आणि त्या पट्टीच्या आत, डाव्या कडेला, माझी सून होती.

ती गव्हाणीच्या गजांना लागून कुशीवर पडली होती. एक हात अंगाखाली गेला होता. वासरू तिच्या पोटऱ्यांना टेकून बसले होते. म्हणूनच गाय पुन्हा पुन्हा तेथे जात होती. वासराला चाटायला आलेली प्रत्येक खेप डिम्फ्नाच्या अंगावर येत होती.

“मॅलकी, दारावरचा हात काढ. मागच्या बोळातून जा, चारा टाकतो तिकडून. डिम्फ्ना सर्वांत खालच्या गजाशी आहे. गजाखालून बाहेर ओढ. पळू नकोस. बोलू नकोस.”

त्याच्या बुटांचा आवाज आला, मग तोही थांबला. पडद्यावर गजांपलीकडे त्याची टोपी दिसली. दोन हात गजाखालून आत आले आणि त्यांनी डिम्फ्नाच्या कोटाची कॉलर धरली. गाईने मान वळवली. डिम्फ्नाचे खांदे गजाखाली गेले, कंबर गेली. गाय धावून आली आणि गजांवर आदळली. सगळे चित्र हादरले, कारण कॅमेऱ्याचा खांब त्याच गजांना जोडलेला आहे. चित्र स्थिर झाले तेव्हा तेथे फक्त वासरू होते.

“मॅलकी?”

कानात फक्त गाईचे फुरफुरणे होते.

“मॅलकी!”

“बाहेर काढलीय. दोन्ही पाय बाहेर आहेत. पण मिसेस, हिचा श्वास... नीट नाही.”

“आई, काय झालं? आई!” फिंटन विचारत होता.

“तू रुग्णवाहिका बोलाव आणि गाडी नीट चालव,” असे सांगून मी त्याचा फोन बंद केला. “मॅलकी, फोन तिच्या कानाला लाव.”

खरखर झाली. मग मला तिचा श्वास ऐकू आला. तुटका, उथळ, एक आला की दुसरा येईल याचा भरवसा नाही असा.

“डिम्फ्ना. मी बोलतेय. श्वास घे.”

तिने घेतला.

“आता सोड. पुन्हा घे. मी थांब म्हणेपर्यंत तू थांबायचं नाहीस. ऐकलंस?”

मधे एक श्वास इतका उशिरा आला की मी खुर्चीचा हात धरून उठले. डॉक्टरांनी मला तसे उठायला बंदी केली होती. “घे!” मी ओरडले. “घे म्हणतेय ना!”

“ओरडू नका,” ती पुटपुटली. “ऐकू येतंय.”

मी ओरडतच राहिले. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी मॅलकीच्या हातून फोन काढून घेतला, तोवर.