अकरा किलोचा अ‍ॅम्प्लिफायर

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, किसनराव कापूस खरेदी केंद्रावर बत्तीस वर्षं ग्रेडर होते. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा आणि ओल किती, खाली दगड दडवलाय का, हे डोळे मिटून सांगायचं, हा त्यांचा हुन्नर. नोकरी संपली, पण हात काही थांबला नाही. आता तो दुसऱ्यांच्या सोयरिकीत, फ्रीजच्या खरेदीत आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांतही कोपरापर्यंत जातो. महागावात आमच्या घरी काही घ्यायचं ठरलं की भाऊजी बोलावल्याशिवाय येतात आणि चहा घेतल्याशिवाय जात नाहीत.

या खेपेला घ्यायचा होता अ‍ॅम्प्लिफायर, माझ्या वडिलांसाठी. बाबांचं उमरखेडला चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आई गेल्यावर एकटं राहवेना, म्हणून मी त्यांना आमच्याकडे आणलं. येताना त्यांनी कपड्यांची एक पेटी आणली आणि सागवानी खोक्यांतले दोन स्पीकर. ते त्यांनी मी दहावीत असताना स्वतःच्या हातांनी केले होते, आणि आतले कागदी पडद्याचे स्पीकर आता कुठे मिळत नाहीत. त्यांचा अ‍ॅम्प्लिफायर पुराचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा गेला. खोके माळ्यावर होते म्हणून वाचले.

बाबांना आता कमी ऐकू येतं. मोबाइलवरचं गाणं म्हणजे त्यांना डबीत अडकलेली माशी वाटते. पण या दोन खोक्यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसले की तबल्याचं प्रत्येक बोट ऐकू येतं, असं ते म्हणायचे. आमच्याकडे आल्यापासून दोन महिने खोके भिंतीशी मुके उभे होते आणि बाबाही तसेच बसून असायचे.

"बाबा, कोणता घ्यायचा?" माझ्या नवऱ्याने, प्रफुल्लने, साधंच विचारलं.

"तीस वॅटचा लय झाला या खोलीले. जुना असला तरी चालते."

भाऊजी सोफ्यावर होतेच. "तीस?" ते हसले. "मामाजी, तीस वॅटनं तं मच्छर बी उडत नाही. आमच्या चौकातल्या डीजेवाल्याले विचारा. छाती धडधडली पाह्यजे!"

घरात गाणं ऐकायचंय, छातीचा एक्स-रे काढायचा नाही, हे मी स्वयंपाकघरात म्हणाले. बाबा मात्र त्या दिवसापासून या विषयावर बोललेच नाहीत.

रविवारी आम्ही चौघं उमरखेडला गेलो. दुकानात दोन अ‍ॅम्प्लिफायर परवडण्यासारखे होते. एक जेवणाच्या डब्याएवढा, साधा, चाळीस वॅटचा. दुसऱ्याला निळे दिवे, नाचणारे दोन काटे, आणि पुढे सोनेरी अक्षरांत '५००० वॅट'. माझ्या घरची इस्त्री हजार वॅटची आहे. तिची वायर बोटाएवढी जाड. या पाच इस्त्र्यांच्या पहिलवानाची वायर मोबाइलच्या चार्जरच्या वायरीएवढी! बाबांनी ती दोन बोटांत धरली, माझ्याकडे पाहिलं आणि सोडून दिली. मी रेडिओवाल्याची पोर, मला तेवढं पुरलं.

भाऊजींनी दोन्ही डबे उचलून पाहिले. तेवढ्यानं भागेना, म्हणून शेजारच्या किराणा दुकानात नेऊन चक्क काट्यावर ठेवले. किराणावाला गूळ तोलायचा थांबला.

"हा साडेतीन. आन हा? अकरा किलो! वजन म्हंजे तांबं आन तांबं म्हंजे ताकद. मले कोणी शिकवू नये."

चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरमधला तांब्याच्या तारेचा ट्रान्सफॉर्मर जड असतो, हे खरं. बाबाही ते सांगायचे. पण अर्धं खरं भाऊजींच्या हाती लागलं की उरलेलं अर्धं बोलायची कोणाची टाप नसते.

"भाऊजी, बाबांना एकदा विचारायचं का?" मी म्हटलं.

"मामाजीले काय विचारतं? त्यायचा जमाना गेला."

"बराबर हाय त्यायचं," बाबा म्हणाले आणि हसलेसुद्धा. मला बाबांचाच राग आला.

अकरा किलोचा डबा घेऊन घरी आल्यावर भाऊजींनी स्वतः वायरी जोडल्या. उजवा खोका गायला लागला. डाव्यातून 'ठप्प' असा आवाज आला, पडदा बाहेर फेकला गेला आणि तिथेच राहिला. मग घरघर, आणि जळाल्याचा वास.

"दादा, बंद करू का?" प्रफुल्ल म्हणाला.

"थांब रे. मामाजी, तुमचा हा खोकाच सडेल हाय. दाखवतो सिद्ध करून. प्रफुल्ल, तो दुसरा खोका काढ आन याच वायरीले लाव."

ज्या वायरीने पहिला जाळला, तिलाच दुसरा! बाबांचा हात मांडीवरून वर उठला. ओठ हलले. मग हात पुन्हा मांडीवर गेला. स्विच माझ्यापासून हातभर अंतरावर होता. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. बाबा बोलतील, असं मला वाटलं.

दुसरा खोकाही 'ठप्प' वाजला. पुन्हा तोच वास.

"पाह्यलं? दोन्ही बाद!" भाऊजी खुशीत म्हणाले. "बरं झालं, आजच समजलं. आता नवे स्पीकर घेऊन टाका, मोठे." त्यांनी चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाले आणि गेले. प्रफुल्ल त्यांना सोडायला गेला.

मी पेचकस आणला आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या झाकणाचे चार स्क्रू काढले. आत पेरूएवढा ट्रान्सफॉर्मर होता. त्याच्या बाजूला काळ्या डिंकाने पक्क्या चिकटवलेल्या फूटपाथच्या सिमेंटच्या दोन अख्ख्या विटा. बत्तीस वर्षं कापसातले दगड हुडकणाऱ्या माणसाला कोणीतरी काट्यावर तोलून दगड विकला होता. मी पोट धरून हसले.

बाबा हसले नाहीत. "दुकानातून आणताना मी एका बाजूनं धरलतं," ते म्हणाले. "तवाच समजलं. समदं वजन एकीकडंच होतं."

"मंग बोलले काहून नाही, बाबा? तुमचे खोके जळून राह्यलते!"

"बाई, हे तुह्यं सासर हाय. मी इथं जेवतो. जावयाच्या मोठ्या भावाले सगळ्यायसमोर खोटं पाडू? उद्या तुलेच आयकाव लागते." त्यांनी एका खोक्याचा पडदा दोन बोटांनी हळूच दाबला. आतून खरखर आली. दुसराही दाबून पाहिला. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "समजलं तं तुले बी होतं. आन तू तं या घरची हायस. तू काहून नाही बोलली?"

आठवडाभर मी भाऊजींची टर उडवत होते. भांडी घासताना, पोळ्या लाटताना, मनातल्या मनात. त्यातलं एक वाक्य मोठ्याने बोलले असते, तर निदान एक खोका वाचला असता.