उजवीकडचा आकडा

दोन हजार एकवीसचा एप्रिल. पुण्याजवळच्या मांजरी गावच्या रस्त्यावरून सायरन वाजत गेला, तरी लोक आता खिडकीशी जात नव्हते. पुढची गाडी कोणाच्या दारात थांबणार, एवढीच धाकधूक!

जयसिंगराव सोसायटीचे चेअरमन. माणूस भला, रात्री-अपरात्री मदतीला धावणारा. पण दुसऱ्याला काही विचारणं म्हणजे कमीपणा, अशी त्यांची ठाम समजूत. त्यांच्या आई मथुराबाईंना कोरोना झाला, घरीच विलगीकरण ठरलं. डॉक्टरांनी घाईघाईत सांगितलं, "सॅच्युरेशन चौऱ्याण्णवच्या खाली गेलं की लगेच कळवा. कळलं ना?" जयसिंगरावांनी जोरात मान डोलावली. कळलं काय होतं, देव जाणे!

पाचव्या दिवशी सकाळी महापालिकेच्या आरोग्यसेविका अख्तरबानू यांचा रोजचा फोन आला.

"आजींचं सॅच्युरेशन किती?"

"अठ्ठ्याण्णव. फर्स्ट क्लास!"

"फोन द्या जरा त्यांना."

"मला काय... झालंय... ठणठणीत... हाय मी," मथुराबाई म्हणाल्या.

अख्तरबानूंचा आवाजच बदलला. "अहो, आजींना एक वाक्य सलग बोलता येत नाहीये! बोटाला लावायच्या त्या यंत्रावरचे दोन्ही आकडे वाचा."

"डावीकडे चौऱ्याऐंशी, उजवीकडे अठ्ठ्याण्णव."

"उजवीकडचे नाडीचे ठोके आहेत, जयसिंगराव! सॅच्युरेशन म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती आहे ते. तो डावीकडचा आकडा. त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात हलवायला हवं, मी गाडी पाठवते. अहो, समजलं नव्हतं तर विचारायचं होतं ना!"

"चारचौघांत अडाणी दिसलो असतो, ताई."

"हे शब्द मला तरी कुठे येत होते? ट्रेनिंगमध्ये मी तीनदा विचारलं. लोक हसले. हसू देत! कोणी हसल्यानं माणूस मरत नाही."

फोन ठेवला आणि जयसिंगरावांना एकदम आठवलं. सोसायटीतल्या सगळ्या घरांसाठी तशीच यंत्रं त्यांनीच एका दुकानातून आणली होती. आणि ग्रुपवर ऐटीत लिहिलं होतं, 'उजवीकडचा आकडा बघा, निर्धास्त राहा.' नऊ घरांत रुग्ण होते!

त्यांनी लगेच ग्रुपवर लिहिलं, 'मी चुकीचं सांगितलं. मला स्वतःलाच समजलं नव्हतं. डावीकडचा आकडा बघा. आत्ता!'

मिनिटभरात तिसऱ्या मजल्यावरच्या सुखदेवचा फोन आला. त्याला रडू आवरत नव्हतं.

"काका, बाबांचा एकोणसत्तर आहे. आणि ते उठतच नाहीयेत."

मथुराबाई अठरा दिवसांनी घरी आल्या. सुखदेवचे वडील गेनबा फोन आला त्याच दिवशी संध्याकाळी गेले.

तेव्हापासून कुठल्याही साथीची सूचना आली, की जयसिंगराव ती घेऊन आधी अख्तरबानूंकडे जातात. एकेक शब्द विचारतात, सोप्या भाषेत लिहून घेतात, त्यांना वाचून दाखवतात आणि मगच फलकावर लावतात.

मंडळी, साथी पुन्हा येतील, अवघड शब्दही येतील. डॉक्टरांनी "कळलं ना?" विचारलं आणि कळलं नसेल, तर खुर्ची सोडू नका. "नाही कळलं, परत सांगा," असं स्पष्ट म्हणा! विचारण्याची लाज दोन मिनिटांत ओसरते. गेनबा मात्र परत आले नाहीत.