अमृतराव गुरुजींचे न तपासलेले कोपर

दिनांक ९ फेब्रुवारी २०२४, शुक्रवार, सकाळी साडेदहा. स्थळ मुरुड, जिल्हा लातूर. हाडजोडे महाराजांच्या मांडवात दोनशे माणसे श्वास रोखून उभी होती आणि मधोमध, उजवा हात महाराजांच्या स्वाधीन करून, निवृत्त विज्ञानशिक्षक अमृतराव बसले होते. चौतीस वर्षे त्यांनी विद्यार्थ्यांकडे पुरावा मागितला होता. चार दिवसांपूर्वी मोटारसायकलवरून पडून हात मोडला आणि एक्स-रे पाहून डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितले, तेव्हा आपण महाराजांचे पितळ उघडे पाडायलाच निघालो आहोत, असे त्यांनी पत्नी शिवगंगाबाईंना मुद्देसूद पटवले. ऑपरेशनची धास्ती त्या मुद्द्यांत नव्हती.

"हाड काय म्हनून राहिलं, ऐका!" महाराज गरजले. "म्हनतंय, बाबा, मी घरी आलो!"

टक्!

मांडव जयजयकाराने दणाणला. बांबूच्या कामट्यांनी हात आवळला गेला, ठणका उतरला आणि गुरुजी उद्गारले, "अद्भुत!"

"तुमी तर भंडाफोड करायला आल्ताव की," शिवगंगाबाई म्हणाल्या.

"निरीक्षण चालू आहे."

आठवडाभर निरीक्षण चालले. कोपर मात्र वाकेना. अखेर दोघे अहमदपुरात डॉक्टर लुंबिनीकडे गेले. ती गुरुजींचीच विद्यार्थिनी. तिने पट्टी सोडली, तशी आतून मधोमध मोडलेली तुरीची वाळकी काडी पडली.

"सर, तुम्ही हिचा आवाज ऐकलात. हाडाचा नव्हे."

"पण ठणका थांबला ना!"

"कामट्यांनी हात हलेना, म्हणून. आणि या जुन्या एक्स-रेत कोपर का नाही?"

"मोडलंय तितल्याचाच फोटो काढ, मला शिकवू नको, असं फोटोवाल्याला दटावलं ह्यांनी," शिवगंगाबाईंनी साक्ष दिली.

लुंबिनीने नवा फोटो उजेडावर धरला. "कोपर ते मनगट या भागात दोन हाडं. करंगळीकडचं मोडून आखूड झालं, की अंगठ्याकडचं सांध्यातून निसटू शकतं. हे बघा, कोपरात निखळलंय. म्हणून मनगट आणि कोपर दोन्ही पाहायचे असतात."

दोनशे जणांनी आवाज ऐकला होता. हाड कोणीच पाहिले नव्हते. पाहण्याचे साधन ज्या एकाच विद्वानापाशी होते, त्याने ते अर्धेच वापरले होते. दुखणे थांबले म्हणजे हाड बसले असे मानू नये. फोटो मागावा, आणि पुरा मागावा.

"मग आता, लुंबिनी?" गुरुजींनी खालच्या आवाजात विचारले.

"उद्या ऑपरेशन. मोडलेल्या हाडाला धातूची पट्टी बसवली, की निखळलेलं बहुधा जागेवर येतं. हात वाचेल. पहिल्या दिवशी आला असता, तर कोपर पूर्ण सरळ होण्याचा भरवसा दिला असता. आज देत नाही."